आठ किलोमीटर आणि तीन गावं

मी अंबरनाथ ईस्टची. तो बदलापूर वेस्टचा. लग्न डिसेंबरात, आणि गेले चार रविवार आम्ही घर बघत फिरतोय. आई म्हणते, "आठ किलोमीटर तर आहे गं, त्यात काय एवढं?"

त्यात बरंच आहे, हे आता कळतंय!

कल्याणहून कर्जत लोकल पकडा आणि उजवीकडची खिडकी मिळवा (मिळाली तर). मलंगगड, तावली, पुढे चंदेरीचा सुळका अशी रांगच रांग दिसते. आता गंमत बघा. रेल्वेच्या हिशेबात ही बाजू 'ईस्ट'. पण कल्याणनंतर रूळ आग्नेयेला वळतात, त्यामुळे आमची ईस्ट खरं तर नैर्ऋत्येला आहे. आमचं १०६० सालचं शिलाहारकालीन शिवमंदिर 'पूर्वेला' म्हणून मी पंचवीस वर्षं सांगत आले. होकायंत्राने पार पोपट केला.

उल्हासनगरला तर गल्ल्यांची नावं नाहीत, नंबर आहेत. दुसऱ्या महायुद्धातला लष्करी ट्रान्झिट कॅम्प, फाळणीनंतर तिथे सिंधी निर्वासित आले आणि १९४९ मध्ये गावाला नाव मिळालं. तरी आजही रिक्षावाला विचारतो, "कॅम्प कितवा?" एक ते तीन वेस्टला, चार-पाच ईस्टला. पाच नंबर संपतो कुठे आणि अंबरनाथ लागतं कुठे, हे दुकानाच्या पाट्या वाचल्याशिवाय कळत नाही.

सरकारी खाती तर विचारूच नका. उल्हासनगर महानगरपालिका. अंबरनाथ आणि बदलापूर १९८३ मध्ये कल्याण महापालिकेत गेले, १९९२ मध्ये बाहेर पडले आणि नगरपरिषदा झाल्या. त्यातही बदलापूरची 'कुळगाव-बदलापूर', आणि तालुका मात्र अंबरनाथ. पोलीस तिन्हीकडे ठाणे आयुक्तालयाचेच. खासदार? मी कल्याणसाठी मत देते, तो भिवंडीसाठी. आमदार त्याचा मुरबाडचा! म्हणजे सासरी गेले की आडनाव राहू दे, आधी मतदारसंघ बदलणार.

नद्यांना यातलं काही माहीत नाही. वालधुनी मंदिराला खेटून निघते आणि उल्हासनगरमधून कल्याणला जाते. २०१४ मध्ये कुणीतरी टँकरभर रसायन तिच्यात ओतलं आणि उल्हासनगरमध्ये कितीतरी लोकांना हॉस्पिटलात न्यावं लागलं. हद्द कुठलीही असो, वास सगळ्यांच्याच घरात शिरतो. लहानपणी पावसाळ्यात आम्ही खिडक्या लावून झोपायचो, ते गारव्यासाठी नव्हे.

उल्हास नदी त्या मानाने देखणी. बदलापूर वेस्टला तिच्या काठाजवळचा एक फ्लॅट मला फार आवडलाय. बाल्कनी, समोर झाडी, भाव बजेटात. पण याच नदीच्या पुराने २७ जुलै २०१९ ला बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्सप्रेस अडकली होती आणि हजारावर प्रवासी बोटींनी बाहेर काढावे लागले होते. सेल्समनला विचारलं, तेव्हा पाणी कुठवर आलं होतं? तो पार्किंगकडे बघून हसला. वॉचमनकाका मात्र उठले आणि जिन्याच्या भिंतीवर माझ्या खांद्याएवढ्या उंचीवर हात ठेवला.

फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर आहे. आई येत्या रविवारी बघायला येतेय.