नवाची बेरीज

आमच्या पिढीतल्या कुठल्याही चुलत-आते भावंडाला अर्ध्या रात्री उठवून विचारा, इंजिनात ठिणगीचा क्रम काय? डोळे न उघडता उत्तर येईल : एक, तीन, चार, दोन. सत्तावीसचा पाढा चुकायचा, हे कधी चुकलं नाही.

काकांची नोकरी जंगलखात्यात. घर देवासला, नेमणूक उदयनगरला. बागलीच्या बाजूचं, जंगलाच्या काठचं गाव. सुट्टी लागली की आम्ही सगळी तिकडे. अंगणात कडुलिंबाखाली पांढरी स्टँडर्ड हेराल्ड उभी असायची. काकांनी ती जुनी घेतली होती. फियाटसाठी नंबर लावून वर्षानुवर्षं वाट पाहायची, अँबेसेडर परवडायची नाही, म्हणून ही. कौतुकानं कोणी घेतली नव्हती. पण एकदा घरात आल्यावर तिचं कौतुक झालंच.

मद्रासच्या स्टँडर्ड मोटरनं 1961 पासून हेराल्ड इथे बांधली. मूळ गाडी इंग्लंडच्या ट्रायम्फची, आकार मिकेलोत्ती या इटालियन माणसानं काढलेला. याच सांगाड्यावरून ट्रायम्फनं 1962 मध्ये स्पिटफायर ही दोन माणसांची स्पोर्ट्‌स कार काढली. हे काकांनी एकदा सांगितलं आणि आमची कॉलर ताठ झाली. आमची गाडी म्हणजे शर्यतीच्या गाडीची सख्खी मावशी! इंदूरच्या नातेवाइकांनी महाराजा यशवंतराव होळकरांच्या केशरी-काळ्या ड्यूसेनबर्ग गाडीच्या गोष्टी सुरू केल्या की आम्ही मावशीचं नातं पुढे करायचो. ते हसायचे. हसू देत.

हेराल्डचं बॉनेट म्हणजे नुसतं झाकण नव्हे. दोन्ही बाजूंच्या कड्या सोडल्या की मडगार्डांसकट गाडीचं अख्खं तोंड पुढे कलंडायचं, आणि इंजिन, स्टिअरिंग, पुढची चाकं सगळं उघडं. काका एका टायरवर बसायचे, समोरच्या टायरवर आमच्यापैकी ज्याचा नंबर असेल तो. दुसऱ्या गाड्यांत मुलांना फक्त मेकॅनिकची पाठ दिसते. आम्हाला त्याचे हात दिसले, एवढाच फरक.

गॅरेज इंदूरला, त्यामुळे जमेल ते अंगणातच. कार्बोरेटर घासलेटात धुवायचा आणि जेट फुंकून साफ करायचं. गॅस्केट फाटलं तर जाड ड्रॉइंग पेपर त्या जागेवर धरून कडेकडेनं हातोडीनं हलके ठोके द्यायचे. कडेवर कागद आपोआप कापला जातो, भोकंसुद्धा बरोबर पडतात. मे महिन्यात दुपारी पेट्रोल पंप तापला की नळीत वाफ धरायची आणि गाडी मध्येच बसायची. उपाय : पंपावर ओलं फडकं. फडकं काकूच्या जुन्या सुती पातळाचं, पाणी माठातलं.

पण खरी मजा टॅपेटची. या इंजिनात आठ व्हॉल्व्ह एका रांगेत. प्रत्येकाची फट दहा थाऊ, म्हणजे इंचाचा शंभरावा भाग, तीही इंजिन गार असताना. काका हँडल फिरवायचे. आठ नंबरचा व्हॉल्व्ह पुरता दबला की एक नंबरची फट बघायची, सात दबला की दोनची, सहा दबला की तीनची. बेरीज नेहमी नऊ. काका ओरडायचे, "पाच दबला!" आणि आम्ही ओरडायचो, "चार!" मग दहाची पट्टी आत घालायची. सरकली तर पाहिजे, पण जरा चावून सरकली पाहिजे. हे ‘चावून’ म्हणजे किती, ते कोणी बोलून सांगू शकत नाही. काका आमचं बोट पट्टीवर ठेवून वर आपलं बोट ठेवायचे.

फट वाढल्याचं सगळ्यात आधी कळायचं ते काकूला, स्वयंपाकघरात. "अहो, परत टकटक करतीय हो ती." काकूनं आयुष्यात स्टिअरिंगला हात लावला नाही. तिला कधी कोणी विचारलंही नाही, हे आता खटकतं. कान मात्र घरात तिचाच. तिकडे जवळच कावडिया पहाडावर खांबांसारखे काळे दगड आहेत, ठोकले की धातूसारखे वाजतात. काका आम्हाला तिथे नेऊन एकेक दगड वाजवायला लावायचे आणि म्हणायचे, "ऐका, दोन सारखे वाजत नाहीत."

त्या गाडीतून आम्ही नर्मदेवर धाराजीला गेलो. तो घाट आता ओंकारेश्वर धरणाच्या पाण्याखाली आहे. परतीच्या वाटेवर एका वळणाला पुढचं डावं चाक आत दुमडलं आणि गाडी गुडघा टेकल्यासारखी बसली. वेग बैलगाडीचा होता म्हणून निभावलं. पुढच्या चाकाचा उभा दांडा खाली एका पितळी ठोकळ्यात आट्यांवर बसतो, स्टिअरिंगबरोबर त्यातच फिरतो. त्याला ट्रनियन म्हणतात. त्यात गिअर ऑइल घालायचं असतं. शहरातल्या एका गॅरेजवाल्यानं सवयीनं ग्रीस भरलं होतं. ग्रीस आट्यांत पोचत नाही, पाणी पोचतं, आटे गंजतात आणि एक दिवस तुटतात. त्यानंतर काकांनी कोणाची ग्रीसगन गाडीजवळ येऊ दिली नाही. ऑइल गळायचं, अंगणात दोन काळे डाग कायमचे. काकूनं रांगोळीची जागा बदलली, डागांबद्दल बोलली नाही.

हेराल्ड 1971 मध्ये बंद झाली, तिच्यावरून काढलेली गॅझेलही टिकली नाही. आमची मात्र देवासच्या घरी पत्र्याखाली आहे. काका-काकू नाहीत. स्पिटफायरचे शौकीन जगभर असल्यामुळे इंग्लंडमध्ये ट्रनियन अजून नवे मिळतात. मावशीच्या नात्याचा हा एवढा उपयोग झाला. मागच्या दिवाळीला आम्ही पाच भावंडं जमलो, दोघांचे गुडघे गेलेले, टायरवर बसायला स्टूल घ्यावं लागलं. "पाच दबला!" म्हटल्यावर अंगणाच्या तीन कोपऱ्यांतून "चार!" आलं. पट्टी धरायला पुतणी होती. ती आता चालवतेही.

कोणाकडे हेराल्ड उभी असेल तर एक सांगणं : ट्रनियनला ग्रीस नको, 90 नंबरचं ऑइल घाला. गळेल. गळू द्या.