दादासाहेबांचं देणं

माझे आजोबा वस्तीत 'दादासाहेबांच्या सत्याग्रहातले' म्हणून ओळखले जात. अंबड तालुक्यात आमचं गाव. मला मात्र बरीच वर्षं हे दादासाहेब कोण, ते ठाऊक नव्हतं. भीमजयंतीला बाबासाहेबांच्या फोटोशेजारी त्यांचा फोटो लागायचा, एवढंच.

आजीने पहिल्यांदा सांगितलं. आजोबा सालगडी होते. 1959 साली मराठवाडा-खानदेशात भूमिहीनांचा सत्याग्रह झाला, त्यात ते तुरुंगात गेले. सुटून आल्यावर चार घरांनी मिळून गायरानात औत धरलं. आधी दगड वेचले, मग बाजरी पेरली. त्या बाजरीवर माझे वडील शाळेत गेले.

पुढे औरंगाबादला मिलिंद महाविद्यालयात शिकताना मी दादासाहेबांविषयी वाचलं. भाऊराव कृष्णाजी गायकवाड, दिंडोरी तालुक्यातल्या आंबे गावचे. 1930 च्या काळाराम मंदिर सत्याग्रहात बाबासाहेबांचे खंदे सहकारी. 1957 मध्ये शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनतर्फे नाशिकमधून लोकसभेत निवडून आले, आणि त्याच वर्षी 3 ऑक्टोबरला रिपब्लिकन पक्ष स्थापन झाला. जवळपास पाचशेंच्या सभागृहात पक्षाचे खासदार मूठभर. कूळकायद्याने कुळाला जमीन मिळाली, पण जो कूळही नव्हता त्याचं काय? माझे आजोबा ना मालक होते ना कूळ. त्यांच्यासारख्यांचा प्रश्न दादासाहेबांनी राजकारणाच्या मध्यभागी आणला, आणि सभागृहात ऐकणारे थोडे म्हणून तो रस्त्यावरही नेला. राज्यसभेत असताना 6 डिसेंबर 1964 पासून त्यांनी देशभर सत्याग्रह उभा केला. लाखो माणसं तुरुंगात गेली.

एका गोष्टीपाशी मी अजून थांबतो. जमिनीचे लढे हे कम्युनिस्टांचं काम, असं पक्षातल्या काही शिकलेल्यांना वाटे. धोतर नेसणाऱ्या, खेड्यातल्या माणसांत रमणाऱ्या दादासाहेबांचं नेतृत्वही त्यांना पटत नव्हतं. पक्ष फुटला. त्या शिकलेल्यांना मी नावं ठेवत नाही. त्यांची कळकळही खरी होती. पण माझ्या हातातली पदवी गायरानातून आली आहे. दादासाहेब त्यांचं ऐकून थांबले असते, तर मी कुणाच्या तरी शेतावर सालाने असतो.

वडिलांच्या हयातीत 28 नोव्हेंबर 1991 चा शासन निर्णय आला. 14 एप्रिल 1990 पूर्वीची भूमिहीनांची अतिक्रमणं नियमित करायची होती. पुरावा म्हणून गावच्या अतिक्रमण नोंदवहीतली, म्हणजे एक-ई ची, नोंद आणि दंडाच्या पावत्या लागत. गायरान कसल्याबद्दल झालेला दंड घरच्यांनी कर्ज काढून भरला होता, आणि आजीने त्याची प्रत्येक पावती पत्र्याच्या पेटीत जपून ठेवली होती. ज्या दंडासाठी कर्ज काढलं, त्याच्याच पावत्यांनी जमीन आमच्या नावावर झाली.

दादासाहेब 29 डिसेंबर 1971 ला गेले. 2004 मध्ये शासनाने त्यांच्या नावाने योजना काढली: भूमिहीन कुटुंबाला चार एकर जिरायती किंवा दोन एकर बागायती. पण शासन ठरवतं त्या भावात जमीन विकणारा आमच्या भागात सहसा भेटत नाही. म्हणून गायरानावरच्या माणसाला आहे त्या तुकड्याचा कागद मिळणं अजूनही मोठं आहे. कितीतरी घरांकडे पावत्या आहेत, सातबारा नाही. त्यांचे अर्ज मी लिहून देतो, नोटिसा वाचून दाखवतो, सुनावणीला सोबत जातो. कुणी पैसे पुढे केले तर हात मागे घेतो. माझे पैसे आधीच कुणीतरी चुकते केले आहेत.