हायलमचा तुकडा

मराठी शिकवणाऱ्या माणसांनी मोटारीच्या इंजिनाविषयी लिहावे ह्यात थोडा आगाऊपणा आहे, हे आम्ही जाणतो. परंतु गेल्या दोन उन्हाळ्यांत एका कार्बोरेटरने आम्हां दोघांचा जेवढा वेळ घेतला, तेवढा कोणत्याही ग्रंथाने घेतलेला नाही. तेव्हा हे लिहिणे भाग आहे.

गाडी प्रीमियर पद्मिनी, १९८६ सालची. आमच्यापैकी एकाचे वडील नि दुसरीचे सासरे, म्हणजे बोलताना दोघांचेही बाबा, ह्यांनी ती घेतली. गिअरचा दांडा स्टिअरिंगखाली, दरवाजे जड, नि मे महिन्यात आतले रेक्झिन असे तापते की बसण्यापूर्वी सतरंजी अंथरावी लागते. मुंबईतील ह्या जातीची शेवटची टॅक्सी ऑक्टोबर २०२३ अखेर रस्त्यावरून उतरली, तेव्हा वर्तमानपत्रांनी मृत्युलेख लिहावेत तसे लेख लिहिले. बाबांनी ते आमच्याकडून वाचून घेतले आणि एवढेच म्हणाले, "आपली तं हाय ना?"

बाबा ऐंशीच्या पुढचे. त्यांच्या थोरल्या बहीण, आमच्या आत्याबाई, अकोल्याला. महिन्यातून एकदा अमरावतीहून जाऊन त्यांच्यासमोर तासभर बसायचे, फारसे काही न बोलता परतायचे, हा बाबांचा नेम. तो ह्याच गाडीतून. दुसऱ्या गाडीत बसायला त्यांची हरकत नसते. फक्त त्या महिन्यात त्यांना बरे नसते.

२०२४च्या मे महिन्यात, नवतप्यात, आम्ही असेच निघालो. बडनेरा, मूर्तिजापूर मागे पडले. कुरणखेडला चहासाठी थांबायचे, हाही नेमाचाच भाग. वीस मिनिटांनी परतलो तर गाडी सुरू होईना. स्टार्टर फिरे, पेट्रोलचा वास येई, इंजिन मात्र मुके. बाबांनी पायाशी ठेवलेले फडके बाटलीतल्या पाण्यात भिजवून आमच्या हाती दिले. "पंपावर ठेवा. एअर धरली असन." अशा गाड्यांचे जुने चालक वर्षानुवर्षे हाच उपाय करत आले. खसाच्या ताट्यांवर पाणी मारून घर गार करणाऱ्या आमच्या मुलखाला तो कोणी समजावून सांगावा लागत नाही. फडके पाच मिनिटांत कोरडे झाले, पुन्हा भिजवले, पुन्हा कोरडे. गाडी ढिम्म. रस्ता चौपदरी झाल्यापासून सावली शोधावी लागते. ह्याच रस्त्यावर जून २०२२ मध्ये ७५ किलोमीटरचा डांबराचा थर १०५ तास ३३ मिनिटांत अंथरला गेला नि गिनेसच्या पुस्तकात त्याची नोंद झाली. त्या विक्रमी काळेपणाची धग आम्ही तासभर अनुभवली. बाबांना ऊन लागली. अखेर एका ओळखीच्या जीपने त्यांना अकोल्याला नेले, सलाईन लावावी लागली. नंतर वर्षभर त्यांनी आत्याबाईंचे नाव काढले नाही. आपण होऊन गाडीचेही नाही.

नेम मोडला त्याला आमचा अडाणीपणा कारण होता, असे आम्हांला वाटत राहिले. म्हणून आम्ही अधिक अडाणीपणा केला. पेट्रोल पंप नि इंजिन ह्यांच्यामध्ये उष्णता अडवणारे पॅकिंग असते; एकाने भागत नसेल तर दोन घालावीत, असा साधा हिशेब करून आम्ही ती घातली. परिणामी पंप इंजिनापासून दूर सरकला, त्याच्या दांड्याची चाल तोकडी पडली आणि बडनेऱ्याच्या पुलावर चढताना गाडी पेट्रोलवाचून धापा टाकू लागली.

ज्या मिस्त्रीकडे ती ओढत नेली, त्याने आमची कर्तबगारी उघडून पाहिली आणि हसला नाही. हे आम्ही त्याचे उपकार समजतो. म्हणाला, "सर, गाडीले ताप नाही आला. पेट्रोलले आला."

पुढे त्याने जे सांगितले नि आम्ही जे वाचून पडताळले, ते असे. पेट्रोल हे एकच एक द्रव्य नव्हे, ते मिश्रण आहे; त्यातील हलके घटक ३५-४० अंशांनाच उकळू लागतात, म्हणजे अकोल्याच्या सावलीतसुद्धा. गाडी चालत असताना वारा लागतो, टाकीतले ताजे पेट्रोल येत राहते. ती बंद केली की पंखा थांबतो, पाणी फिरायचे थांबते, आणि ८०-९० अंशांवर असलेल्या इंजिनाची उष्णता धातूच्या नळवाटेने, म्हणजे मॅनिफोल्डमधून, वर कार्बोरेटरात चढते. तिथल्या वाटीतले पेट्रोल उकळून खाली सांडते नि इंजिन गुदमरते. वाहते पेट्रोल वाफ होऊन पंपात अडते तो आजार वेगळा. फडके त्याचे औषध. बाबांचा उपाय खराच होता, फक्त दुसऱ्या रोगावरचा. शिवाय पेट्रोल बदलले आहे. २०२३ पासून पंपांवर २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल येऊ लागले, २०२५ पर्यंत ते देशभर झाले. इथेनॉल मिसळले की हलके घटक अधिक लवकर वाफ होतात. १९८६ची गाडी त्याकरिता बनलेली नव्हती. तिचा दोष नाही.

उपाय सहा मिलिमीटरचा होता. मॅनिफोल्ड नि कार्बोरेटर ह्यांच्यामध्ये हायलमचा जाड तुकडा. हायलम म्हणजे बेकलँडने १९०७ मध्ये शोधलेल्या बॅकेलाइटच्या कुळातील. ॲल्युमिनियममधून उष्णता जितक्या सहज जाते, त्याच्या सुमारे हजाराव्या हिश्शाने ह्यातून जाते. परदेशी स्पोर्ट्स कारचे शौकीन मॅनिफोल्डखाली असेच उष्णतारोधक पॅकिंग बसवतात, ते आत जाणारी हवा थंड नि दाट राहावी म्हणून. ४५ अंशांची हवा २५ अंशांच्या हवेपेक्षा सुमारे सहा टक्के विरळ असते. त्यांना वेग हवा असतो. आम्हांला चहा पिऊन परत सुरू होणारी गाडी हवी होती.

आम्ही विचारले, मॅनिफोल्डच इंजिनापासून का तोडू नये? मिस्त्री म्हणाला, "थंडीत मंग चोक ओढत बसान." मॅनिफोल्ड थोडे कोमट लागते, नाहीतर पेट्रोल त्याच्या भिंतींना थेंब होऊन चिकटते. उष्णता अडवायची, पण सगळी नाही.

काम दुपारभर चालले. जुने कागदी पॅकिंग खरवडताना कपचे आत पडू नयेत म्हणून मॅनिफोल्डच्या तोंडात चिंधी कोंबली होती. ती धरून उभे राहणे हे आमच्याकडे आलेले काम. नवा पॅकिंग पेपर मिस्त्रीने कापला नाही. धातूच्या तोंडावर ठेवून कडेने हातोडीच्या गोल टोकाने हलके ठोकत गेला, नि आकार आपोआप सुटून हातात आला. पाठ्यपुस्तक नसलेली ही विद्या आम्ही बराच वेळ पाहत होतो. जाडी वाढल्याने स्टड तोकडे पडले, लेथवाल्याकडून लांब करून आणावे लागले. कार्बोरेटर वर उचलला गेल्यामुळे ॲक्सिलरेटरची तारही पुन्हा जुळवली. नट आलटूनपालटून, थोडे थोडे आवळायचे. एकच आधी आवळला तर फ्लँज वाकतो नि तिथून इंजिन हवा ओढते. शेवटी त्याने सांध्याभोवती तेलाचे थेंब सोडून इंजिनाचा सूर ऐकला. सूर बदलला नाही.

(घरी येऊन आम्ही 'पॅकिंग'ला मराठी शब्द शोधला. 'उष्णतारोधक आच्छादनी' इथवर पोचलो नि कोश मिटला.)

२०२५च्या मे महिन्यात दोनदा आम्ही दोघेच भर दुपारी कुरणखेडपर्यंत गेलो, गाडी बंद केली, वीस मिनिटे घड्याळ पाहत बसलो, सुरू केली. तिसऱ्या खेपेस बाबांना विचारले. त्यांनी धोतर बदलले, पाण्याची बाटली नि फडके घेतले.

कुरणखेडला आम्ही न थांबता पुढे निघणार होतो. उगाच परीक्षा कशाला. बाबांनी खांद्यावर हात ठेवला. "थांबव." चहा आला. त्यांनी तो नेहमीपेक्षा सावकाश घेतला, बशीत ओतून, फुंकर घालून, ह्या उन्हात. मग उठून मागच्या सीटवर बसले नि म्हणाले, "मार सेल्फ."

दुसऱ्या फेऱ्यात इंजिन लागले. बाबांनी मांडीवरचे फडके भिजवले, पिळले आणि स्वतःच्या डोक्यावर ठेवले.