उसवलेली शिरोरेषा

सांगली
बुधवार, रात्री

चि. रेवा हिस अनेक आशीर्वाद.

तुझ्या ब्लॉगवरची ‘आजीची शिलाई’ काल दुपारी वाचली. काकूला मोठ्याने वाचून दाखवत होतो. ‘बाहीत माया ठेवायची असते गं, पोर वाढतं’ या आईच्या वाक्यापाशी माझा आवाज बसला. पुढचं काकूने वाचलं. तेव्हा आधी शाबासकी घे, कारण पुढे बराच वेळ ती मिळणार नाही. (आणि मशीन अप्पांनी आणलं, आईने नाही. आईने भिशीच्या पैशांतून घेतली ती कात्री. तुझ्या बापाने सांगितलं असणार. त्याला कधी काही धड आठवलेलं नाही.)

तू विचारलंस एवढंच की, ‘काका, सहा थीम बदलून झाल्या, सातवी कोणती घेऊ?’ आणि खाली तो दात काढणारा चेहरा. सहा थीम आणि लेख तीन! अप्पांच्या छापखान्यात लग्नपत्रिकांचा अल्बम असायचा, आठवतो? गिऱ्हाईक दोन तास गणपती निवडायचं. उजव्या सोंडेचा की डाव्या, सोनेरी की शेंदरी. मजकूर मात्र पाकिटाच्या मागे पेन्सिलीने खरडलेला. एकदा असाच सुरेख गणपती छापून गेला आणि मुहूर्त सकाळऐवजी सायंकाळचा पडला. मुद्रितं मीच तपासली होती. अप्पा आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत.

थीमचा नमुना बघताना आपण असेच भुलतो. नमुन्यात धुक्यातला डोंगर असतो, कॉफीचा कप असतो, तीन शब्दांचं इंग्रजी शीर्षक असतं. आपण ती घरी आणतो आणि डोंगराच्या जागी आपला लांबलचक मराठी मथळा बसवतो. मग वाटतं, आपलंच काही चुकलं. तुझं चुकलेलं नाही. तो सदरा दुसऱ्याच्या मापाने बेतलेला आहे.

तुझाच मथळा बघ. ‘आजीची शिलाई’ मी मोबाइलवर उघडलं तर ‘आ जी ची’ अशी सुटी सुटी अक्षरं आणि प्रत्येकाच्या डोक्यावर शिरोरेषेचा तुकडा. शिलाईवरचा लेख आणि मथळाच उसवलेला! कारण साधं आहे. थीम करणाऱ्याने मथळ्याच्या अक्षरांत अंतर टाकलंय, ‘लेटर स्पेसिंग’. रोमन अक्षरं मुळात सुटीच उभी राहतात, त्यांना ते शोभतं. आपली अक्षरं एका रेघेने शिवलेली, ती फाटतात. तिथे शून्य घाल, टाका परत बसेल.

आता ओळी. वरच्या ओळीतल्या ‘सुतात’चा उकार खालच्या ‘गर्दी’च्या रफारावर जाऊन आदळलाय. इंग्रजीला ओळीची उंची अक्षराच्या दीडपट पुरते. आपल्याला वर मात्रा-रफार, खाली उकार, म्हणून पावणेदोनपट तरी ठेव. छापखान्यात आम्ही दोन ओळींच्या मध्ये शिशाच्या पट्ट्या घालायचो. कागद महाग असला की अप्पा म्हणायचे पट्ट्या काढा, आणि जुळारी ऐकल्यासारखं करून एकही काढायचे नाहीत. आईची माया म्हणतेस ना, ती इथे ठेवायची असते.

तिरपी अक्षरं तर काढूनच टाक. आपल्याकडे तिरप्या खिळ्यांची परंपरा नाही. फाँटात तिरपं वळण नसलं की ब्राउझर सरळ अक्षरालाच ढकलून वाकडं करतो. आजीची वाक्यं तू तिरपी केलीस, ती सगळी पडायला आल्यासारखी दिसतात. आणि ती करडी शाई कशासाठी? मजकूर आणि पार्श्वभूमी यांत किमान साडेचारास एक एवढा उजेड-अंधाराचा फरक हवा, असं वेबच्या सुगम्यतेचे जागतिक निकषच सांगतात. माझ्या मोतीबिंदूला तर त्याहून जास्त लागतो. काळ्याला काय झालंय?

फाँटचं ऐक, हे माझ्या जिव्हाळ्याचं आहे. तुझ्या ‘शिलाई’तला श आणि ल दोन्ही हिंदी वळणाचे दिसतात. आपला ल पाकळीचा, आपला श देठाचा. राज्य शासनाने २००९ साली प्रमाण वर्णमालेचा निर्णय काढून हे लिहूनही ठेवलंय. तुझ्या साइटची भाषा सेटिंगमध्ये ‘मराठी’ कर. ज्या फाँटात दोन्ही वळणं भरलेली असतात, तो भाषा मराठी आहे हे कळलं की आपलं वळण काढून देतो. इतकी वर्षं ही सोय पडून आहे आणि आपली माणसं इंग्रजी भाषेच्या खुणेखाली मराठी लिहीत बसलीत! ‘टायरो देवनागरी मराठी’ लावून बघ, लांबलचक मजकुराला उत्तम. साधं हवं तर मुंबईच्या एक टाइपचा ‘मुक्ता’. दोन्ही फुकट आहेत. मी २००६ मध्ये माझा तो आठ लेखांचा ब्लॉग काढला, तेव्हा वर्डप्रेसमध्ये थीमची सोय येऊन जेमतेम वर्ष झालं होतं. ती कुब्रिक नावाची निळ्या डोक्याची थीम सगळ्यांच्याच अंगावर, शाळेच्या गणवेशासारखी. आणि अक्षर र. कृ. जोशींचं ‘मंगल’, कारण विंडोजमध्ये ते आयतं होतं. निवडायला काही नव्हतं म्हणून लिहून तरी झालं. आता नुसत्या अधिकृत भांडारात दहा हजारांवर थीम आहेत. एकेक बघत बसलीस तर पन्नाशी येईल.

म्हणून सातवी घेऊच नकोस. वर्डप्रेसबरोबर येणारी साधी थीम ठेव आणि तिला आपल्या मापाने आत घे. पण गेल्या वेळेसारखं मूळ फाइलीत हात घालू नकोस. अपडेट आलं की थीमच्या फाइली नव्याने लिहिल्या जातात आणि तुझी रात्रभराची मेहनत पुसली जाते. झालं ना तसंच? फोनवर रडत होतीस. चार ओळींचा बदल असेल तर ‘अ‍ॅडिशनल सीएसएस’च्या चौकटीत लिही. जास्त असेल तर चाइल्ड थीम कर. मूळ सदरा तसाच राहतो, वरून आपलं जाकीट. आणि ती कुठल्याशा साइटवरून ‘पैशाची थीम फुकट’ म्हणून उतरवलीस ती आजच्या आज काढ. असल्या फुकटच्या पोटात लपवलेले दुवे असतात, वेळेला त्याहून वाईटही. बदल करण्याआधी सगळे लेख एक्सपोर्ट करून फाइल मला पाठव. तुझ्यावर विश्वास नाही असं समज. आजीचं ते बाहीचं वाक्य आता त्या एका पानाशिवाय कुठेच लिहिलेलं नाही.

बघ, विचारलंस एक आणि मी छापखाना उघडून बसलो. खरं सांगायचं तर पत्राला बसलो ते वेगळ्याच कारणाने. तुझ्या सहाही थीम बदलल्याच्या वेळा मला दिसल्या. तूच दर वेळी चित्र पाठवतेस. रात्री पावणेदोन. अडीच. परवा तीन वाजून दहा मिनिटं. दहावीच्या आदल्या रात्रीही तू अभ्यासाचं टेबल खोलीभर फिरवत होतीस आणि आईने ते तुझ्यासोबत चार वेळा उचललं होतं. तेव्हा काय झालं होतं ते आम्हाला नंतर कळलं. आता ऑफिसचं काय झालं, हे तू एका शब्दाने लिहिलेलं नाहीस. लेखातही नाही. काकूला हे मी बोललो नाही. तिने स्वतःहूनच विचारलं.

रंग हिरवा असू दे की निळा, मला फरक पडत नाही. जेवतेस ना वेळेवर?

येत्या रविवारी निघ. सकाळच्या गाडीने आलीस तर जेवायला पोचशील. मशीन माळ्यावरच आहे. काल शिडी लावून बघितलं. चाक फिरतंय, पट्टा तेवढा तुटलाय.

तुझा
काका