देव्हाऱ्याजवळची किल्ली

मागच्या वर्षी दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पूजेची भांडी उचलायला गेले, तर देव्हाऱ्याशेजारच्या खुंटीवर गाडीची किल्ली टांगलेली दिसली. ही किल्ली इतकी वर्षे अण्णांच्या, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या, सदऱ्याच्या खिशाबाहेर कधी राहिली नव्हती. आदल्याच दिवशी त्यांनी गाडी धुऊन-पुसून तिला झेंडूचा हार घातला होता.

"अण्णा, किल्ली इथे कशी?" मी विचारले.

वर्तमानपत्रातून डोके वर न काढता ते म्हणाले, "आता ती तिथेच राहू दे, सूनबाई. माझ्या हातून कुणाच्या जिवाचं बरंवाईट व्हायला नको."

खरे सांगायचे तर त्या क्षणी मला हायसे वाटले. जी गोष्ट त्यांना कशी सांगावी याची आम्हा नवरा-बायकोत तीन महिने खलबते चालली होती, ती त्यांनी आपणहून करून टाकली होती.

आम्ही इंदूरचे. अण्णा इथल्याच एका शाळेत भौतिकशास्त्र शिकवत. १९९७ साली प्रॉव्हिडंट फंडातून पैसे काढून त्यांनी पांढरी मारुती झेन घेतली. ही गाडी १९९३ मध्ये बाजारात आली आणि २००६ मध्ये तिचे उत्पादन थांबले, पण आमच्या अंगणातली झेन मात्र थांबली नाही. पंधरा वर्षे झाल्यावर दर पाच वर्षांनी तिची नोंदणी अण्णांनी स्वतः रांगेत उभे राहून करून आणली. माझी बाळंतपणे, सासूबाईंचे शेवटचे आजारपण, ओंकारेश्वरच्या वाऱ्या, सगळे त्याच गाडीने पाहिले.

पण गेल्या पावसाळ्यापासून एकोणऐंशी वर्षांच्या अण्णांच्या दोन तक्रारी सुरू झाल्या. एक म्हणजे, ब्रेक फार जड लागतो. दुसरी, रात्री डॅशबोर्डवरचा काटा दिसत नाही.

गाडी मेकॅनिककडे नेली. त्याने चाके काढली, ब्रेक पॅड पाहिले, ब्रेक ऑइल पाहिले. गाडी सिग्नलला बंद पडते म्हणून कार्ब्युरेटरचा स्क्रू फिरवून आयडलिंग वाढवून दिले. मग अण्णा हात धुवायला गेलेले पाहून हळूच मला म्हणाला, "भाभीजी, गाडी में कुछ नहीं है. बाबूजी की उमर हो गई है."

नेत्रतज्ज्ञांनीही मोतीबिंदूची सुरुवात असल्याचे सांगितले. शस्त्रक्रियेची घाई नाही असेही ते म्हणाले होते, पण आम्ही सोयीचे तेवढेच ऐकले. माझे पती नोकरीनिमित्त हैदराबादला असतात. ते फोनवर म्हणाले, "पाय राहिले नाहीत, डोळे राहिले नाहीत. आता गाडी विकून टाकू." मीही 'हो' म्हटले. अण्णा शेजारच्याच खोलीत होते.

किल्ली खुंटीवर गेली आणि महिनाभरात अण्णा बदलले. सकाळी मंडईत जाणे बंद झाले, वाचनालय बंद झाले. जिना उतरताना ते कठडा धरू लागले. आम्ही एकमेकांना म्हणालो, पाहा, वय झालेच होते.

नोव्हेंबरमधली गोष्ट. मुलीला शिकवणीहून आणायचे होते आणि रिक्षा मिळेना. नाइलाजाने मी ती किल्ली काढली. गाडी चालवायला मला अण्णांनीच शिकवले होते, पण पुढे स्कूटर आली आणि झेनला हात लावायची वेळ क्वचितच येई.

संध्याकाळचे साडेसहा वाजून गेले होते. दिवे लावले. डॅशबोर्डवर नजर टाकली, तर विझत आलेल्या निरांजनाइतकाच उजेड. काटा कुठे आहे ते कळेना. तेवढ्यात चौकाच्या अलीकडे एक भाजीची हातगाडी आडवी आली. मी ब्रेक दाबला आणि पायाखाली जणू दगड आला! पेडल खाली जाईचना. अक्षरशः त्यावर उभी राहिले, तेव्हा हातगाडीपासून वीतभर अंतरावर गाडी थांबली. भाजीवाला काहीबाही बोलत होता. मला ते ऐकूही येत नव्हते.

मी त्रेचाळीस वर्षांची. मला चष्मा नाही, पाय ठणठणीत आहेत. मग माझ्या पायांना काय झाले? माझ्या डोळ्यांना काय झाले?

गाडी तिथेच कडेला लावली आणि मुलीला घेऊन पायी घरी आले. अण्णांना सगळे सांगितले. 'मी म्हणत नव्हतो?' असे ते म्हणाले नाहीत. बराच वेळ गप्प बसले. मग चष्मा पुसत म्हणाले, "उद्या सकाळी गाडी आणवून घेऊ. मला एक गोष्ट पाहायची आहे."

दुसऱ्या दिवशी शेजारच्या मुलांनी ढकलत गाडी अंगणात आणली. अण्णांनी मला चालकाच्या जागेवर बसवले. "इंजिन बंद आहे ना? आता पेडल चार-पाच वेळा दाब. कडक झालं? आता पाय तसाच दाबून ठेव आणि इंजिन सुरू कर. पाय थोडा खाली जातो का सांग."

पाय जागचा हलला नाही.

"झालं तर!" अण्णा म्हणाले. कित्येक दिवसांनी त्यांचा वर्गातला आवाज मला ऐकू आला.

मग त्यांनी बॉनेट उघडून समजावले. इंजिन चालताना हवा आत खेचत असते, त्यामुळे त्याच्या इनटेक मॅनिफोल्डमध्ये बाहेरच्यापेक्षा हवेचा दाब कमी होतो. यालाच मेकॅनिक 'व्हॅक्यूम' म्हणतात. तिथून एक जाड रबरी नळी ब्रेकच्या बूस्टरला, म्हणजे पेडलच्या पुढे बसवलेल्या काळ्या गोल डब्याला जाते. डब्यात एक पडदा असतो. पाय वर असताना त्याच्या दोन्ही बाजूंची हवा सारखीच विरळ असते. ब्रेक दाबला की पेडलकडच्या बाजूला बाहेरची हवा शिरते आणि पडद्याला पुढे ढकलते. आपल्या पायाच्या जोरात तिच्या जोराची भर पडते.

"लक्षात ठेव," अण्णा म्हणाले, "व्हॅक्यूम काही ओढत नाही. ढकलते ती बाहेरची हवा." सतराव्या शतकात जर्मनीतल्या ओटो फॉन गेरिकने दोन पोकळ अर्धगोल जोडून आतली हवा काढून टाकली होती आणि मग घोड्यांच्या जोड्या लावूनही ते सुटेनात. हा प्रयोग अण्णांनी शाळेत किती वर्षे शिकवला असेल! "दर चौरस सेंटिमीटरला जवळजवळ एक किलो, एवढा हवेचा दाब आपल्यावर असतो. नळी फुटली की ही मदत गेली. मग उरतो फक्त माणसाचा पाय."

"अण्णा, तुम्हाला हे सगळं ठाऊक होतं, मग आधी का नाही बोललात?"

ते क्षणभर थांबले. "तुम्ही सगळे एकच सांगत होतात ना. मलाही तेच खरं वाटू लागलं."

मला मान वर करवेना.

सरवटे बसस्थानकाच्या भागात एक म्हातारे उस्ताद अजून कार्ब्युरेटरच्या गाड्या करतात, असे कुणीतरी सांगितले. ब्रेकचा प्रश्न, म्हणून गाडी चालवत न नेता त्यांनाच रिक्षाने घरी आणले. त्यांनी हातभर रबरी नळीचे एक टोक कानाला लावले आणि दुसरे चालू इंजिनाभोवती वैद्याच्या स्टेथोस्कोपसारखे फिरवले. एका जागी थांबून मला खूण केली. मी कान लावला, तर बारीक 'स्स्स' असा आवाज! मग त्यांनी पकडीला फडके गुंडाळून बूस्टरची नळी मॅनिफोल्डच्या अगदी जवळ चिमटली. अडखळत चालणारे इंजिन लगेच एका लयीत चालू लागले.

नळी वरून धडधाकट दिसत होती. काढून उलटी केली तर खालच्या अंगाला, इंजिनाच्या उष्णतेने कडक होऊन, बोटभर लांब चीर गेलेली. तिथून आगंतुक हवा शिरत होती, म्हणून इंजिनात पेट्रोलच्या मानाने हवा जास्त होऊन गाडी बंद पडत होती. स्क्रू फिरवून आयडलिंग वाढवल्याने गाडी बंद पडणे थांबले, पण चीर तशीच राहिली आणि दुखणे झाकले गेले. यात गाडी बनवणाऱ्यांचा दोष नाही. इतकी वर्षे उष्णता सोसल्यावर रबराने आणखी काय करावे?

उस्तादांनी डिस्ट्रिब्युटरची बारीक नळीही सोडली, तोंडाने हवा ओढली आणि टोकाला जीभ लावली. जीभ चिकटून राहिली, म्हणजे त्यातला पडदा शाबूत होता. बूस्टरसाठी मात्र त्यांनी खास जाड भिंतीची नळीच आणायला लावली. साधी पाण्याची नळी घातली तर ती आतल्या आत चपटी होते. नळीबरोबर एकमार्गी झडपही बदलली आणि आयडलिंग पुन्हा खाली आणले. सगळा खर्च चौघांच्या हॉटेलातल्या जेवणाहून कमी आला.

उरला डॅशबोर्डचा उजेड. उस्तादांनी स्क्रू काढून, मागून स्पीडोमीटरची केबल सोडवून मीटर बाहेर घेतला. एक बल्ब गेलेला, दुसऱ्याची काच आतून काळवंडलेली. वर धुळीचा थर. आणि जिथे अर्थिंगची तार पत्र्याला स्क्रूने जोडलेली असते, तिथे गंज. अण्णांनी कपाटातून आपला जुना व्होल्टमीटर काढला. बॅटरीवर बारा व्होल्ट, बल्बच्या जागी जेमतेम नऊ!

"पाऊण दाब मिळाला, तर पाऊण उजेड मिळेल असं वाटतं ना? तसं नसतं," अण्णा म्हणाले. "तारेच्या बल्बचा उजेड त्याहून फार झपाट्याने पडतो. निम्म्याच्याही खाली जातो."

मुलीने पॉलिश पेपरने गंज घासला, मी मऊ फडक्याने धूळ पुसली, नवे बल्ब बसवले. अंधार पडल्यावर दिवे लावले आणि काटा, आकडे, पेट्रोलची खूण, सगळे स्वच्छ दिसू लागले. उस्ताद पांढरे एलईडी बसवायचे म्हणत होते, पण अण्णांनी नको म्हटले. आत फार लख्ख उजेड असला की बाहेरचा अंधार अधिकच गडद वाटतो.

मग अण्णा चालकाच्या जागेवर बसले. इंजिन बंद ठेवून पेडल दाबले, पाय तसाच ठेवला, किल्ली फिरवली. पेडल अलगद खाली गेले. त्यांनी माझ्याकडे पाहिले. त्यांचे डोळे भरून आले होते. त्या डोळ्यांना 'राहिले नाहीत' असे म्हणणाऱ्यांत मीही होते.

त्या रात्री मी पतींना फोन करून सगळे सांगितले. पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग ते म्हणाले, "अण्णांना फोन दे."

दोघे काय बोलले ते मी विचारले नाही. दुसऱ्या दिवशी मात्र अण्णांनीच आम्हाला आपला निर्णय सांगितला. "सूर्य मावळल्यावर मी गाडी चालवणार नाही. हायवेवर तर नाहीच. वय वाढलं की अंधारात डोळ्याची बाहुली पूर्वीइतकी मोठी होत नाही, शिवाय मोतीबिंदू आहेच. ते काही नवे बल्ब लावून जायचं नाही. पण मंडई आणि वाचनालय माझं मी पाहीन." किल्ली पुन्हा खिशात गेली. जिन्याचा कठडा अण्णा अजून धरतात, पण उतरतात भराभर.

म्हाताऱ्या माणसांच्या सगळ्याच तक्रारी यंत्राच्या असतात असे मला म्हणायचे नाही. वयही खोटे नसते, आणि गाडी चालवण्यात दुसऱ्यांच्या जिवाचा प्रश्न असतो. पण आपल्या घरातले कुणी 'उजेड कमी वाटतो' म्हणाले, तर त्यांचा चष्मा बदलण्याआधी एकदा बल्बही पाहावा. 'ब्रेक जड लागतो' म्हणाले, तर रस्त्यावर न जाता अंगणात उभ्या गाडीत स्वतः पाय ठेवून पाहावा. आम्ही तीन महिने अण्णांविषयी बोलत राहिलो, पण त्यांच्या जागेवर बसून एकदाही पाहिले नाही.

ती चिरलेली नळी अण्णांनी फेकू दिली नाही. देव्हाऱ्याशेजारच्या त्याच खुंटीवर ती टांगलेली आहे. येणारे-जाणारे विचारतात. अण्णा नुसते हसतात, आणि सांगायचे काम माझ्याकडे येते.