आमच्या गल्लीची डिक्शनरी

घटक चाचणीच्या आदल्या संध्याकाळी येरवड्यातल्या आमच्या गल्लीत एकच हाक फिरायची, "डिक्शनरी कुणाकडं आहे?"

वीरकरांची ती डिक्शनरी अख्ख्या गल्लीत एकच. नाव अण्णांचं, वापर सगळ्यांचा. पुठ्ठा सुटला की आई खळ शिजवायची, अण्णा दाभण घेऊन पाठ शिवायचे आणि वर खाकी कागद चढायचा. 'एस'ची काही पानं एका पावसाळ्यात गेली. तिथले शब्द ज्याला जसे आठवले तसे त्यानं पाठकोऱ्या कागदावर लिहून आत ठेवले. तो 'एस' आम्ही सगळ्यांनी मिळून लिहिलेला.

आमची पिढी पाचवीत ए-बी-सी-डी गिरवणारी. पहिलीपासून इंग्रजी 2000 साली आलं, तोवर आम्ही मुलाबाळांचे झालो होतो. पाचवीत चाररेघी वही आणि दहावीत 'नो सूनर'! एवढा घाट पाच वर्षांत चढायचा. सोबतीला तर्खडकरांची भाषांतर पाठमाला, नवनीतचं गाईड आणि ताईनं अप्पा बळवंत चौकातून अर्ध्या किमतीत आणलेलं रेन अँड मार्टिन. 1930 नंतरच्या दशकात, इथल्या गोऱ्या साहेबांच्या मुलांना डोळ्यांपुढं ठेवून लिहिलेलं ते व्याकरण आमच्या ओट्यावर चाळीसच्या बल्बखाली उघडायचं.

उजळणी तोंडीच. ताई वाक्य टाकायची, आम्ही ते फिरवायचो. 'ॲज सून ॲज' काढलं की 'नो सूनर' घालायचं. 'नो सूनर'मागं 'दॅन', 'हार्डली'मागं 'व्हेन'. जोडी चुकली की ताई म्हणायची, "अरे, वरात निघाली नि नवरीच बदलली!" 'टू' काढून 'सो' आणि 'दॅट' घातलं, की 'नॉट' विसरायचं नाही. सगळे विसरायचे. मग सगळे पुन्हा म्हणायचे.

'व्हॉइस' बदलायचा तर ठरलेलं वाक्य, पोलिसांनी चोराला पकडलं. 'द थीफ वॉज अरेस्टेड बाय द पोलीस.' बाकीच्या पुण्याला ते व्याकरण होतं. आम्हाला मात्र तुरुंगाची भिंत दिसायची आणि कुणीतरी हळूच विचारायचं, "मग पुढं काय झालं त्याचं?"

स्पेलिंगांना आमचे आमचे उच्चार होते. 'वेड-नेस-डे'. 'टु-गेट-हर'. मुक्या 'के'ला वाचा फोडणारा 'क्नाइफ'. आणि लेफ्टनंट म्हणजे 'लाय-यू-टेन-अँट', खोटं-तू-दहा-मुंग्या! आजही तो शब्द लिहिताना त्या मुंग्या रांगेनं येतात.

गाईड थोरल्याकडून धाकट्याकडं जायचं. उत्तरं शिसपेन्सिलीनंच लिहायची, म्हणजे खोडता येत. खोडरबरानं कागद विरळ होई, तरी आधीच्याचं अक्षर पुसटसं दिसेच. त्यानं कुठं चूक केली होती तेही दिसे, आणि आपली एक चूक वाचे.

रविवारी पुस्तक घेऊन डेक्कन कॉलेजच्या झाडांखाली फिरत पाठ करायचं. 1868 साली येरवड्याला आलेलं ते कॉलेज. टिळक तिथं शिकले, विष्णुशास्त्री चिपळूणकरही तिथलेच. इंग्रजीला वाघिणीचं दूध म्हणणारे ते हेच विष्णुशास्त्री, हे अण्णा दर चाचणीला सांगत. त्यावर आई म्हणे, "दूध वाघिणीचं असो नाहीतर म्हशीचं, रोज तापवलं नाही तर नासतं." उजळणीची याहून चांगली व्याख्या आम्हाला कुठल्या पुस्तकात सापडली नाही.

त्या चाचण्यांचे गुण आता कुणाला आठवत नाहीत. नियम मात्र आठवतात, कारण प्रत्येक नियमाला कुणाचा तरी आवाज चिकटला आहे. 'दॅन' ताईच्या आवाजात येतो, मुका 'के' सगळ्या गल्लीच्या.

तुमच्याही माळ्यावर अशी एखादी शिवलेली, खळ लावलेली डिक्शनरी असेल. रद्दीत घालू नका. शेजारच्या पाचवीतल्या पोराच्या हाती द्या आणि संध्याकाळी अर्धा तास त्याच्याकडून शब्द मोठ्यानं म्हणवून घ्या.