नोंद आढळून येत नाही

कादंबरीतील निवेदक विश्वासार्ह आहे की नाही, हा प्रश्न आम्ही वर्गात वीस वर्षे विचारीत आलो आहोत. विद्यार्थी त्याची ठरावीक उत्तरे लिहितात, आम्ही ठरावीक गुण देतो. हाच प्रश्न अमेरिकेचे इमिग्रेशन खातेही विचारते आणि आमच्यापेक्षा पुष्कळ कठोरपणे विचारते, हे आम्हांला 2023 च्या पावसाळ्यात कळले.

येथील 'आम्ही' आदरार्थी नव्हे. आम्ही खरोखरच दोघे आहोत. एकाच महाविद्यालयात मराठी शिकवतो आणि साताऱ्यात राहतो. कोल्हापूरला एम.ए. करताना आमच्या वर्गात असलेली एक मैत्रीण लग्नानंतर न्यू जर्सीला गेली आणि यथावकाश तिथली नागरिक झाली. तिचे वडील गेल्यावर आई साताऱ्यात एकट्या पडल्या. त्यांना कायमचे तिकडे नेण्याचे ठरले आणि इकडची कागदपत्रे गोळा करणे, त्यांचे इंग्रजी भाषांतर करणे हे काम आमच्याकडे आले. भाषांतर शपथबद्ध भाषांतरकारानेच करावे, असा तिकडचा आग्रह नाही. भाषांतर पूर्ण व बिनचूक आहे आणि ते करण्यास मी समर्थ आहे, असे भाषांतरकाराने सहीनिशी लिहून द्यावे, एवढेच नियम सांगतो. आमच्या पदवीचा असा उपयोग होईल, असे विद्यापीठाला बहुधा वाटले नसावे.

तिकडच्या कायद्यात मुलगी 'अर्जदार' आणि आई 'लाभार्थी'. आपल्याकडे लाभार्थी म्हटले की घरकुल आठवते; काकूंना तो शब्द आवडला नाही. पण ह्या लाभार्थी खरोखरच भाग्यवान होत्या. एकवीस वर्षे पूर्ण झालेल्या अमेरिकन नागरिकाने आईवडिलांसाठी केलेल्या अर्जाला वार्षिक संख्येची मर्यादा नाही. नोकरीच्या वाटेने कायम वास्तव्य मागणाऱ्यांची गोष्ट वेगळी. 1990 च्या कायद्याने त्या वाटेसाठी वर्षाला साधारण 1,40,000 जागा ठेवल्या आणि कोणत्याही एका देशाला सात टक्क्यांहून अधिक मिळू नयेत, असा नियम आहे. तिथे देश मोजायचा तो जन्माचा, नागरिकत्वाचा नव्हे. नोकरीनिमित्त कुवेतला गेलेल्या मराठी कुटुंबात तिथेच जन्मलेले मूल कुवेतच्या रांगेत उभे राहते आणि पुण्यात जन्मलेला त्याचा सख्खा भाऊ भारताच्या. ऑक्टोबर 2024 च्या बुलेटिनमध्ये भारतीयांच्या दुसऱ्या श्रेणीची तारीख 15 जुलै 2012 होती. म्हणजे बारा वर्षांपूर्वी रांगेत उभ्या राहिलेल्यांचा तेव्हा नंबर लागत होता. 2007 च्या जुलैत हीच रांग सर्वांना खुली केल्याचे सांगून ऐनवेळी बंद करण्यात आली, तेव्हा चिडलेल्या भारतीयांनी खात्याच्या संचालकांना शेकडो पुष्पगुच्छ पाठवले. ही कल्पना 'लगे रहो मुन्नाभाई'वरून सुचलेली. पंधरवड्याच्या आत खात्याने निर्णय फिरवला. फुलांमुळेच फिरवला असे म्हणण्याचे धाडस आम्ही करणार नाही.

असो. काकूंना रांग नव्हती, पण जन्माचा दाखलाही नव्हता.

जन्म-मृत्यू नोंदणीचा केंद्रीय कायदा 1969 चा, अंमल 1970 पासून. त्याआधी खेड्यात नोंद व्हायची ती कोतवाल बुकात, म्हणजे गाव नमुना नंबर 14 मध्ये. झाली तर झाली. त्यातही पुष्कळदा बाळाचे नाव नसतेच. बापाचे नाव, जात, आणि मुलगा की मुलगी, एवढ्यावर काम भागते. काकूंचे माहेर कोरेगाव तालुक्यातले. त्या गावची त्या काळची पुस्तके सापडली नाहीत आणि आम्हांला 'नोंद आढळून येत नाही' असा दाखला मिळाला. आमच्या दृष्टीने प्रश्न मिटला होता. मैत्रिणीने नेमलेल्या तिकडच्या वकीलबाईंच्या दृष्टीने तो सुरू झाला. त्यांचे म्हणणे असे, की नोंद आढळत नाही म्हणजे काय? ती कधी झालीच नाही, की झाली आणि पुस्तक गहाळ झाले? त्या गावची त्या वर्षांची इतरांची नोंद आहे का? कार्यालयातील लिपिकाला आम्ही हे विचारले, तेव्हा ते म्हणाले, "नाही म्हणजे नाही. नसण्याला कारण कसलं?" तत्त्वज्ञानाच्या विभागात हे वाक्य खपले असते. तीन खेपांनंतर त्यांनी 'सदर कालावधीचे जन्म नोंदवही या कार्यालयात उपलब्ध नाही' असे सुधारून दिले. 'चे'चा 'ची' करण्याचा मोह आम्ही आवरला.

उरला शाळेचा दाखला. त्यावर जन्मतारीख 1-6-1948.

महाराष्ट्रात शिकलेल्या वाचकाला येथे अधिक सांगावे लागू नये. शाळा जूनमध्ये उघडते, गुरुजी मुलाकडे पाहून वय अजमावतात आणि सहा वर्षे मागे जाऊन एक जून लिहितात. आमच्या महाविद्यालयात एके काळी निम्मा प्राध्यापकवर्ग एकाच दिवशी सेवानिवृत्त होण्याच्या बेतात होता. वकीलबाईंनी मात्र, तुमच्या भागातील इतकी माणसे एकाच तारखेला कशी जन्मतात, असे खरोखरच विचारले. त्यांच्याकडे येणाऱ्या मराठी फायलींत ती तारीख त्यांना वरचेवर दिसत असे आणि हा कुठला तरी बनावट कागदांचा कारखाना असावा, अशी शंका त्यांना पूर्वी येऊन गेली होती. नावांचेही तसेच. शाळेच्या दाखल्यावर माहेरचे नाव. लग्नात आडनावाबरोबर पहिले नावही बदललेले. शिधापत्रिकेवर तिसरेच, लाडाचे. अर्जात 'यापूर्वी वापरलेली इतर नावे' अशी चौकट असते. ती सराईत गुन्हेगारांसाठी असावी असे वाटते, आणि भरते मात्र आमच्या आयाबहिणींनी.

दाखला नसेल तर जन्माची प्रत्यक्ष माहिती असलेल्या दोन व्यक्तींची प्रतिज्ञापत्रे लागतात. एक काकूंच्या थोरल्या आतेबहिणीने दिले. त्यात काही अडचण आली नाही. दुसरे मामांचे. मामा काकूंचे थोरले भाऊ. तेव्हा वय शहाऐंशी, दृष्टी अधू, स्मृती लख्ख. कचेरीबाहेर टंकलेखन करणाऱ्या गृहस्थांकडे मजकूर तयार होता. नावे भरायची आणि छापायचे: 'दिनांक 1-6-1948 रोजी सदर जन्माचे वेळी मी स्वतः हजर होतो व सदर जन्म माझे समक्ष झाला आहे.' दहा मिनिटांत कागद हाती आला. तो आम्ही मामांना वाचून दाखवला.

"कुणी सांगितलं तुम्हाला?" मामा म्हणाले. "बाळंतिणीच्या खोलीत बाप्या माणसाला कोण जाऊ देतंय? मी सुईणीला बोलवायला गेलतो. आलो तवर पोरगी झाल्ती. आन् जून कुठला? शिमग्याच्या आधी चार-आठ दिवस. जळीत होऊन महिना झाला असंल. कुलकर्ण्यांच्या वाड्याची लाकडं तवा काळी पडल्याली, आम्ही पोरं तिकडनंच जायचो."

गांधीहत्या 30 जानेवारी 1948 ची. त्यानंतर सातारा भागात ब्राह्मणांच्या घरांची जाळपोळ झाली. व्यंकटेश माडगूळकरांची 'वावटळ' आम्ही अभ्यासक्रमात असताना शिकवली आहे. पण त्या जळिताचा उपयोग कोणाची जन्मतारीख ठरविण्यासाठी होईल, हे मनात आले नव्हते. त्या वर्षीचा शिमगा मार्चच्या अखेरीस येतो. म्हणजे काकूंचा जन्म मार्च 1948 च्या मध्याचा. पारपत्रावर, शाळेच्या दाखल्यावर, पतीच्या निवृत्तिवेतनाच्या कागदांवर मात्र एक जून.

टंकलेखक गृहस्थांना आम्ही अडचण सांगितली. ते सज्जन होते. त्यांना आमची कीव आली. "सर, म्हातारा सही करतोय ना? मग झालं. सगळ्या कागदांवर एक जूनच आहे. तुम्ही मार्च लिहिलंत तर बाईंची फाईल अडकेल." हे म्हणणे टाकाऊ नव्हते, म्हणूनच आम्ही दोन रात्री त्यावर भांडलो. आमच्यातील एकाचे मत असे, की प्रतिज्ञापत्र हा एक वाङ्मयप्रकार आहे, त्याचे संकेत ठरलेले आहेत, आणि 'समक्ष' हा शब्द कोणी शब्दशः घेत नाही. दुसऱ्याचे मत, की ते मामांनी ठरवायचे, आणि त्यांनी तर घेतला. त्यातून भाषांतर बिनचूक असल्याची सही आमची होती. मूळ कागदच खोटा असेल तर त्याचे बिनचूक भाषांतर म्हणजे काय, हा प्रश्न परीक्षेत घालण्यासारखा आहे. तो आमच्या स्वयंपाकघरात पडला होता.

शेवटी वकीलबाईंनाच विचारले. त्या जे म्हणाल्या ते आम्हांला अनपेक्षित होते. तारीख जुळवू नका, असे त्यांनी सांगितले. अकरा वर्षांच्या मुलाला पंचाहत्तर वर्षांपूर्वीचा दिवस तारखेसह आठवतो, असे लिहिले तरच अधिकाऱ्याची भुवई उंचावेल. त्यांना काय आठवते ते त्यांच्याच शब्दांत लिहा. त्यांना ते कसे माहीत, हेही लिहा. मग एक जून ही शाळेने प्रवेशाच्या वेळी लावलेली तारीख असून पुढे सर्व सरकारी कागदांवर तीच चालत आली, असा खुलासा वेगळ्या परिच्छेदात करा. अर्जात पारपत्रावरचीच तारीख राहील. विसंगती लपवली तर खोटेपणा, उघड सांगितली तर इतिहास, अशा आशयाचे काहीतरी त्या बोलल्या. इंग्रजीत ते अधिक रुक्ष होते.

वकील कशासाठी लागतो, हे आम्हांला तेव्हा उमगले. फॉर्म भरण्यासाठी तो लागतोच असे नाही. पुष्कळ लोक स्वतः भरतात. कायम वास्तव्याच्या बाजारात वकील कोण आणि केवळ शिक्का मारणारा कोण, हे ओळखणे मात्र सोपे नाही, आणि येथे भाषाच दगा देते. आपल्याकडे नोटरी हा मुळात वकील असतो. तशी कायद्याची अटच आहे. अमेरिकेत बहुतेक राज्यांत नोटरी होण्यासाठी कायद्याचे शिक्षण लागत नाही; तो सहीचा साक्षीदार. लॅटिन अमेरिकेतील 'नोतारिओ' हा तर मोठा कायदेपंडित. त्यामुळे स्पॅनिश बोलणारे स्थलांतरित ह्या एका शब्दापायी वर्षानुवर्षे फसत आले आहेत. उच्चार तोच, अधिकार वेगळा. नोकरीच्या वाटेने जाणाऱ्यांची कोंडी आणखी निराळी. तिथे पहिले दोन टप्पे मालकाच्या नावे चालतात. 2007 पासून श्रमप्रमाणपत्राच्या टप्प्याचे शुल्कही मालकानेच द्यावे, असा नियम आहे. नियम कर्मचाऱ्याच्या हिताचा आहे खरा, पण वकील कोणाचा, हे मात्र त्याला विचारायचे धाडस होत नाही. ज्याचे आयुष्य त्या फायलीत आहे त्याला ती फाईल पाहायला मिळत नाही, अशी उदाहरणे आमच्या माजी विद्यार्थ्यांतच आहेत.

येथे एका वकिलाची आठवण काढल्यावाचून राहवत नाही. सखाराम गणेश पंडित. नाव ऐकून मराठी कान टवकारतात, जन्म अहमदाबादचा. कॅलिफोर्नियात वकिली करणाऱ्या पंडितांनी भगतसिंग थिंद यांची बाजू लढवली. 1923 साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की हिंदी माणूस कायद्याच्या अर्थाने 'गोरा' नव्हे, सबब नागरिक होऊ शकत नाही. त्या निकालाच्या आधारे सरकारने इतरांबरोबर पंडितांचेही 1914 मध्ये मिळालेले नागरिकत्व काढून घेण्याची कारवाई केली. अशिलासाठी हरलेला खटला पंडित स्वतःसाठी जिंकले. 1926 मध्ये अपील न्यायालयाने त्यांचे नागरिकत्व राखले. त्यांचा मुख्य मुद्दा असा, की न्यायालयाने एकदा तपासून दिलेल्या निर्णयावर विसंबून माणूस घर बांधतो, लग्न करतो, व्यवसाय उभा करतो. ते सगळे मागाहून काढून घेता येणार नाही. पुढे 1946 च्या कायद्याने भारतीयांना नागरिकत्वाचा हक्क मिळाला, आणि सोबत वर्षाला शंभर जागा.

मामांचे प्रतिज्ञापत्र आम्ही मराठीत लिहिले. सुईणीला बोलवायला जाण्याची वाट, काळी लाकडे, शिमगा, सगळे ठेवले. 'जळीत' ह्या शब्दाचे भाषांतर करताना एक ओळ खुलासा द्यावा लागला. खाली नेहमीचे वाक्य: वाचून दाखविले, माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे. मामांनी दोनदा वाचून घेतले आणि मगच सही केली.

मैत्रिणीने तिकडे आईला पोसण्याची लेखी हमी दिली. ही हमी पोकळ नसते. उत्पन्न दारिद्र्यरेषेच्या निदान सव्वापट दाखवावे लागते आणि ती न्यायालयात वसूल करता येते. मुलगी आईला सांभाळील हे सरकारला लिहून द्यावे लागते, याचे काकूंना हसू आले. पण वकीलबाईंशी फोनवर बोलताना त्यांनी एकच प्रश्न विचारला, आणि तो आम्ही जसाच्या तसा इंग्रजीत केला: "कायमचं म्हणजे किती दिवसांचं?" उत्तर लांबले. वर्षाहून अधिक काळ बाहेर राहिलात तर तुम्ही वास्तव्य सोडले असे धरले जाते. आधी परवानगी काढली तर दोन वर्षांपर्यंत मुभा असते, पण तिचा अर्ज तिकडे असतानाच करावा लागतो. सहा महिने इकडे, सहा महिने तिकडे, असेच सतत करीत राहिलात तरी प्रश्न येऊ शकतो. तुम्हांला राहायचे आहे की भेटायचे आहे, असे वकीलबाईंनी विचारले. भेटायचेच असेल तर हा रस्ता नव्हे. काकू थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "राहायचंय. इथं संध्याकाळी दिवा लावून कुणाशी बोलू?"

2025 च्या आरंभी वांद्रे-कुर्ला संकुलातील वकिलातीत मुलाखत झाली. खिडकीपलीकडच्या अधिकाऱ्याने मुलीचे नाव विचारले, ती काय करते ते विचारले, आणि पूर्वी कधी तिकडे गेला होतात का, हे विचारले. पाच मिनिटे. जन्माचा विषय निघाला नाही.

परतल्यावर आम्ही मामांकडे गेलो. बहिणीला परवानगी मिळाल्याचे त्यांना आधीच कळले होते. त्यांनी विचारले, "माझं वाचलं का त्यांनी?" फायलीत आहे, असे आम्ही सांगितले. त्यांनी मराठी प्रत मागून घेतली आणि सातबाऱ्याच्या उताऱ्यांबरोबर पेटीत ठेवली.